मला गाडी लागते

‘सर, मला गाडी लागते.’

सातवीच्या वर्गात मी सहलीची नावे लिहून घेत होतो. २०२३ सालच्या डिसेंबरातली गोष्ट. पोरांचा कल्ला चालला होता, एकेकाचा हात दोन-दोन वेळा वर होत होता. तिसऱ्या बाकावरच्या मुलापाशी मात्र माझे पेन थांबले. मान खाली घालून त्याने एवढे एकच वाक्य उच्चारले. आजूबाजूची पोरे फिदीफिदी हसली. मला हसू आले नाही, कारण ते वाक्य माझे होते. बत्तीस वर्षांपूर्वी, १९९१ साली, याच शाळेत, जवळजवळ त्याच बाकावरून मी ते गुरुजींना ऐकवले होते. आणि खरे सांगायचे तर मला गाडी मुळीच लागत नव्हती.

मास्तर आणि कादंबरीकार एकाच देहात नांदू लागले, की तो देह मोठा धोक्याचा होतो. मास्तराला वाटते, आपल्याला मुलांच्या मनातले कळते. कादंबरीकाराला वाटते, आपल्याला सगळ्या जगाच्याच मनातले कळते. त्या दिवशी दोघांनी मिळून एका क्षणात निकाल देऊन टाकला: पोरगा खोटे बोलतो आहे, याच्या घरी पैसे नाहीत.

त्या निकालाचे पुढे काय झाले ते सांगतोच. पण त्याआधी तुम्हाला थोडे मागे न्यायला हवे.

आमचे गाव वाईजवळ, कृष्णेच्या काठी. माझ्या लहानपणी आमच्या घरी सहल म्हणजे एकच, कार्तिकातले आवळीभोजन. दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाला जाई, चकल्या मऊ पडू लागत, आणि शुद्ध नवमी ते पौर्णिमा यांमधला एखादा दिवस गाठून आळीतली चार-पाच घरे ओढ्यापलीकडच्या मळ्यात जेवायला निघत. तिथे आवळ्याची तीन झाडे होती. कार्तिकात आवळीची पूजा करावी आणि तिच्याखाली जेवावे, असे शास्त्र सांगते. आम्हा पोरांना शास्त्राशी काही कर्तव्य नव्हते. घराबाहेर, चुलीपासून लांब, मातीत बसून जेवायला मिळते, एवढ्यावर आम्ही खूश असू.

आवळीची सावली ही मोठी फसवी चीज आहे. पाने इतकी बारीक, की ऊन चाळणीतून गाळून अंगावर पडावे तसे पडते. त्यामुळे दर पाव तासाने सतरंजी सरकवावी लागे. सतरंजी सरकली की मुंग्यांचे नवे वारूळ सापडे. पाण्याची कळशी दरवर्षी कोणाचा तरी पाय लागून लवंडे, आणि ‘तरी मी सांगत होते’ असे म्हणणारी एक काकू दरवर्षी हजर असे. वांग्याचे भरीत, बाजरीची भाकरी, दहीभात, गुळाच्या दशम्या. घरीही आम्ही हेच खात असू. पण तिथे ते चोरून आणल्यासारखे लागे.

आमच्या घरचे जेवण मात्र अडून राही ते वडिलांसाठी. ते हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते. दुपारी दुकानातून सुटले की सायकल मारीत येत. ते येईपर्यंत आई पाने मांडू देत नसे. इतर घरांची पोरे ढेकर देऊन आंब्याच्या फांद्यांना लोंबकळू लागत, आणि आम्ही भावंडे भुकेने रडकुंडीला येऊन बांधावरच्या वाटेकडे डोळे लावून बसत असू. शेवटी सायकलची घंटा ऐकू येई. वडील जवळ येऊन बसले, की त्यांच्या सदऱ्याचा हळदीचा वास भरताच्या वासात मिसळे. तो वास अजून कुठे आला, तर मला भूक लागते.

आई मात्र सगळ्यात शेवटी जेवे. आम्ही हात धुऊन खेळायला पळताना तिची पाठ दिसे, ती पातेली आवरत असे. आईच्या वाट्याला सहल आलीच नाही, अशी एक खंत माझ्या मनात तेव्हापासून घर करून राहिली. ती किती खरी होती, ते मला अगदी अलीकडे कळले.

१९९१ साली मी सातवीत होतो. गुरुजींनी फळ्यावर लिहिले: ‘सहल. क्षेत्र महाबळेश्वर व प्रतापगड. वर्गणी ३५ रुपये.’ प्रतापगडाचे वेड तर होतेच. १० नोव्हेंबर १६५९ ही तारीख आम्हाला स्वतःच्या जन्मतारखेहून पाठ होती. पण माझा जीव अडकला होता क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगेच्या देवळात. तिथे गोमुखातून कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचे पाणी पडते, असे गुरुजींनी सांगितले होते. आमच्या परसापलीकडून वाहणारी ही एवढी थोरली नदी एका दगडी गाईच्या तोंडातून निघते, हे मला डोळ्यांनी पाहायचे होते.

पण त्याच वर्षी वडिलांचे काम सुटले होते. घरात कोणी काही बोलत नसे. तरी रात्री आई डाळीत पाणी वाढवताना दिसे, आणि वडील दिवसा घरी दिसत. ३५ रुपये मागण्याची माझी छाती झाली नाही. शाळेत मी सांगितले, ‘मला गाडी लागते.’ घरी सांगितले, ‘यंदा सहल नाही.’ दोन्हीकडे दोन थापा मारून मी आपल्या मते प्रकरण मिटवले.

थापेची एक अडचण असते. तिला शेजारीपाजारी कळत नाहीत. सहलीच्या दिवशी पहाटे पाचला सारा वर्ग आमच्याच दारावरून, गाणी म्हणत, पाण्याच्या बाटल्या वाजवीत एस. टी. कडे निघाला. आई सडा घालायला दारात उभी होती. तिने पोरांकडे पाहिले. मग आत येऊन माझ्याकडे पाहिले. मी गोधडी डोक्यावर ओढून म्हणालो, ‘मला गाडी लागते.’

आजोळी जाताना मी दरवर्षी गाडीत खिडकीची जागा पटकावून, चार तास शेंगा खात, मजेत बसलेला तिने पाहिला होता. क्षणभर ती तशीच उभी राहिली. मग म्हणाली, ‘हो रे बाळा, लागतेच तुला.’ आणि चुलीकडे गेली.

त्या दिवशी तिने सकाळीच शिरा केला. साखर कुठून आणली, कोण जाणे.

त्याच रात्री बाकावरचा माझा मित्र घरी आला. दिवसभराच्या धुळीने त्याचे तोंड माखले होते. त्याने चड्डीच्या खिशातून औषधाची एक बाटली काढून माझ्या हातात दिली. आत पाणी होते. म्हणाला, ‘गोमुखातलं आहे. तुझ्यासाठी.’ वडील खूप दिवसांनी मोकळेपणी हसले. म्हणाले, ‘अरे वेड्या, हे पाणी धोमच्या धरणात जरा विसावा घेऊन आपसूक आपल्या घाटावर येणारच होतं की!’ आईने ती बाटली देवापुढे ठेवली.

आणि मी काय केले? मी त्या मित्राशी आठ दिवस बोललो नाही. ज्याला गाडी लागते त्याच्यासाठी कोणी पाणी आणत नाही. ज्याला येता आले नाही त्याच्यासाठीच आणतात. म्हणजे त्याला सगळे ठाऊक होते. सहल चुकल्याचे मला जेवढे लागले नव्हते, तेवढे ती बाटली पाहून लागले. तो मित्र आता पुण्याला असतो. दिवाळीत भेटतो. मागे एकदा धीर करून मी ही गोष्ट काढली, तर त्याला काहीच आठवेना. ‘आणलं असेल बाबा,’ म्हणाला, आणि त्याने चकलीचा तुकडा मोडला.

पुढे केव्हातरी भागवताचा दशम स्कंध वाचनात आला, आणि त्यातली एक सहल माझ्या मनात कायमची राहिली. अघासुराला मारून झाल्यावर कृष्ण गोपाळांना यमुनेच्या वाळवंटात घेऊन येतो. वासरे चरायला सोडलेली. पोरे त्याच्याभोवती वर्तुळे करून बसतात. कोणी पानावर, कोणी सालीवर, कोणी दगडावर शिदोरी मांडतो. एकमेकांच्या जेवणाची चव घेऊन खिदळतात. सहल कशी असावी, तर अशी! पण ती तरी कुठे निर्विघ्न पार पडली? वासरे भरकटतात, आणि कृष्ण हातात दहीभाताचा घास तसाच धरून ती शोधायला जातो. इकडे ब्रह्मदेव वासरांना आणि पाठोपाठ पोरांनाही पळवून दडवून ठेवतो. एक अख्खे वर्ष जाते. शेवटी ब्रह्मदेव शरण येतो आणि पोरे जागच्या जागी परत येतात. आपले वर्ष गेले याचा त्यांना पत्ताच नसतो. कृष्णाला पाहताच ती म्हणतात, आलास का लवकर, तुझ्यावाचून आम्ही एक घाससुद्धा खाल्ला नाही, चल, ये जेवायला.

ब्रह्मदेवाचे पुढचे स्तोत्र मोठे आहे, विद्वान त्याचे पुष्कळ अर्थ सांगतात. मला आपला तो न खाल्लेला घास आठवतो.

आता त्या तिसऱ्या बाकावरच्या मुलाकडे येऊ. तो त्याच वर्षी आमच्या शाळेत आलेला, घरची माहिती मला नव्हती. मी त्याला मधल्या सुट्टीत बोलावले आणि शक्य तितक्या सहज आवाजात म्हणालो, ‘तुझं नाव मी घातलंय. पैशांचं शाळा बघेल.’ ‘शाळा’ म्हणजे माझा खिसा, हे तुम्ही ओळखले असेलच. तो म्हणाला, ‘सर, पण मला खरंच लागते.’ मी अंतर्ज्ञान्यासारखा हसलो. म्हटले, ‘असू दे रे. मलाही लागायची.’ बिचारा गोंधळून माझ्याकडे पाहत राहिला. एका गरीब मुलाचा अभिमान न दुखवता आपण बत्तीस वर्षांचे देणे फेडले, या समाधानात मी ती रात्र घालवली.

पसरणी घाटाच्या तिसऱ्या वळणावर त्या मुलाने माझे समाधान माझ्याच पिशवीत परत केले.

पिशवीत माझ्या नव्या कादंबरीचे एक प्रकरण होते. पोरे प्रतापगड बघतील तेव्हा त्यावरून हात फिरवू, असा बेत होता. माझ्या लेखनावर पुष्कळांनी टीका केली आहे, पण इतका मनापासूनचा अभिप्राय मला कोणी दिला नव्हता. पाचगणी येईपर्यंत तो मुलगा लिंबासारखा पिवळा पडला. त्याचे डोके मांडीवर घेऊन बसलो असता मी विचारले, ‘अरे, एवढं होतं तर घरून काही औषध तरी घ्यायचं.’ तो क्षीण आवाजात म्हणाला, ‘पप्पांनी पाठवायलाच नको म्हटलं होतं. आमचा स्वतःचा टेंपो आहे, त्यातपण मी बसत नाही. पण म्हटलं, तुम्ही मुद्दाम नाव घातलंय...’

म्हणजे पोर माझ्यासाठी आले होते. माझे मन राखायला!

वाचकहो, त्या क्षणी गाडी मला लागली.

क्षेत्र महाबळेश्वरला सगळी मुले उतरून पंचगंगेच्या देवळात गेली. गोमुखापाशी उभे राहून त्या मुलाला ‘बघ, ही आपली कृष्णा’ असे म्हणण्याचा प्रसंग मी मनात दहा वेळा रंगवला होता. तो तर बाकावर आडवा झालेला. त्याला सोडून मला जाववेना. गाडीच्या खिडकीतून फक्त कळस दिसत होता आणि पोरांचा कालवा ऐकू येत होता. सोबतच्या बाईंना मी निरोप पाठवला, मुलांना जेवायला बसवून घ्या, आमची वाट पाहू नका.

अर्धा-पाऊण तास गेला. दोन मुली गाडीच्या दाराशी आल्या. ‘सर, तुम्ही दोघं येताय ना? कोणी डबे उघडले नाहीत अजून.’

मी त्या मुलाकडे पाहिले. तो उठून बसला. बाटलीतल्या पाण्याने तोंड धुतले. झाडाखाली छत्तीस पोरे बंद डबे मांडीवर घेऊन, भुकेने एकमेकांना ढोसत बसली होती. आम्ही टेकताच छत्तीस झाकणे एकदम वाजली. त्याने कोणाच्या तरी डब्यातला दहीभात चार घास खाल्ला, वर मिठातल्या आवळ्याची फोड चघळली, आणि त्याच्या तोंडावर रंग आला.

दुपारी तो आमच्याबरोबर प्रतापगडही चढला. १९५७ साली पंडित नेहरूंच्या हस्ते अनावरण झालेल्या महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्यापाशी मी नेहमीचा इतिहास सांगू लागलो. अफझलखानाचा तळ आपल्या वाईला होता. तिथून तो फौजेसह रडतोंडीच्या घाटाने जावळीत उतरला. घाटाचे नाव ऐकताच तो मुलगा दिवसात पहिल्यांदा हसला. म्हणाला, ‘सर, म्हणजे त्यालापण लागली असणार!’ वर्गात मी हा धडा वीसएक वर्षे शिकवतो आहे, पण खानाच्या प्रकृतीची एवढी आपुलकीने चौकशी कोणी केली नव्हती.

परतताना तो ड्रायव्हरच्या मागच्या जागेवर लिंबू हुंगत बसला. तरी एकदा गाडी थांबवावी लागलीच. गावात उतरताना माझ्याजवळ येऊन म्हणाला, ‘सर, पुढच्या वर्षीपण मला गाडी लागणार. पण माझं नाव लिहा.’

या प्रसंगाने मी शहाणा झालो, असे तुम्हाला वाटेल. तसे झाले असते, तर मी कादंबऱ्या लिहिणे सोडले असते. दुसऱ्याच वर्षी, २०२४ च्या कार्तिकात, मी आणखी एक जुने देणे फेडायला निघालो.

वडील जाऊन आता बरीच वर्षे झाली. आई पंचाहत्तरीला आली. तीन आवळ्यांपैकी दोन रस्तारुंदीत गेले, एक उरला आहे. आळीतली घरेही पांगली. तरी आम्ही आवळीभोजन मोडलेले नाही. त्या दिवशी मी सौ.ला आणि मुलांना आधीच बजावून ठेवले, की आज आईला सगळ्यांच्या आधी पानावर बसवायचे आणि कोणी तिला हलू द्यायचे नाही. जन्मभर ती शेवटी जेवली, एकदा तरी तिची सहल होऊ दे.

आईला आम्ही पाटावर बसवले. पुढे रांगोळीसुद्धा काढली. आमच्या कन्येने मोबाइलवर फोटो घेतले. आईने दोन घास खाल्ले आणि ती इकडेतिकडे पाहू लागली. तिसरा घास हातातच राहिला. मी म्हटले, ‘अगं, जेव ना. आज तुला कोणाचं काही करायचं नाही.’ ती म्हणाली, ‘जेवते रे. पण एकटीने काय जेवायचं?’

‘एकटी कशी? आम्ही सगळे आहोत की.’

‘तुम्ही होतातच रे. पण आमची सहल तुम्ही हात धुऊन पळालात, की मग सुरू व्हायची,’ आई म्हणाली. ‘पुरुषमंडळी तिकडे घोंगडीवर आडवी व्हायची, पोरं झाडावर, आणि आम्ही पाचजणी इथे. भरताचं बुडाचं, खमंग लागलेलं, आम्ही आधीच बाजूला काढून ठेवायचो. दशम्यासुद्धा. तास-तास हात वाळवत बसायचो. काय हसायचो! तुझे वडील एकदा उठून विचारायला आले होते, काय झालं म्हणून.’

मी अवाक् होऊन ऐकत राहिलो. ज्या पाठीकडे पाहून मी इतकी वर्षे कष्टी होत होतो, ती पाठ आमच्याकडे अशासाठी होती! आम्हाला मिळत नव्हते ते खमंग भरीत तिच्या पुढ्यात होते. त्या पाचजणींतल्या तिघी आता नाहीत. एक नातवंडांपाशी मुंबईला असते. आईला सगळ्यांच्या आधी पानावर बसवून मी नेमके तेच दाखवून दिले होते, की शेवटी बसायला आता तिच्याबरोबर कोणी राहिले नाही.

मला काय बोलावे सुचेना. सौ.ला मात्र सुचले. तिने आईच्या पुढ्यातले पान उचलले, झाकून ठेवले आणि म्हणाली, ‘चला, आधी यांना वाढून घेऊ. मग आपण बसू.’

आई चटकन उठली. पाटावर बसताना दुखणारे तिचे गुडघे उठताना दुखले नाहीत. तिने आम्हाला वाढले, माझ्या पानावर भरीत कमी आहे अशी तक्रार माझ्याच वतीने केली, आणि आमची जेवणे झाल्यावर आम्हाला तिथून हुसकावून लावले.

मी लांब बांधाजवळ सतरंजीवर आडवा झालो. मुले झाडावर चढली होती. थोड्या वेळाने आवळीखालून हसण्याचा आवाज आला, आधी एकीचा, मग दोघींचा. आईला असे हसताना मी कधी ऐकले नव्हते, किंवा ऐकले असेल आणि झाडावर असेन. विषय बहुधा मीच असणार. पिशवीतल्या प्रकरणाची हकिगत सौ. फार रंगवून सांगते.

उठून विचारायला जावे, असे एकदा मनात आले. मग वडिलांची आठवण झाली, आणि मी डोळे मिटून पडून राहिलो.